भाराभर चिंध्या

आमच्या घरात म्हणींचा वापर जरा सढळ हाताने होतो, आणि त्याचे मूळ माझ्या कैलासवासी आईपाशी आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही तिची विशेष आवडती म्हण. शिवणकाम अर्धे टाकून लोकरीचे विणकाम हाती घेणाऱ्या माझ्या बहिणीपासून तो तबला, बुद्धिबळ आणि हस्तलिखित मासिक असे तीन उद्योग एकाच वर्षी आरंभून एकही तडीस न नेणाऱ्या मजपर्यंत सर्वांस ती म्हण केव्हा ना केव्हा ऐकावी लागली. गेल्या कार्तिकात तीच म्हण मी माझ्या मुलास दूरध्वनीवरून ऐकविली. त्यानंतर तीन आठवडे आम्हा दोघांत बोलणे झाले नाही.

प्रकरण थोडक्यात असे. चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर. सात वर्षांमागे जर्मनीत गेले आणि तेथे मोटारींची एंजिने बनविणाऱ्या एका कारखान्यात स्थिर झाले. पगार उत्तम, वरिष्ठांची मर्जी चांगली, आणि सुनेलाही तेथेच नोकरी. असे सगळे मार्गी लागले असताना त्यांनी मला एक लांबलचक पत्र धाडले. पत्र अर्थातच संगणकावरून आलेले. माझी दृष्टी आता पडद्यावर टिकत नाही म्हणून मी ते छापून घेतले. कारखाना सोडून आपण एका विद्यापीठात पुनश्च विद्यार्थी होणार, विषय जीवशास्त्राकडला, मुदत चार वर्षे, आणि विद्यावेतन सध्याच्या पगाराच्या एकतृतीयांश, एवढा मजकूर पहिल्या दोन परिच्छेदांत होता. तो वाचून माझे डोके तापले आणि मी दूरध्वनी उचलला. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. तीस वर्षे उष्णता, प्रकाश आणि द्रवांचे गुणधर्म शिकविले. एकच विषय, एकच महाविद्यालय आणि बहुतांशी एकच टिपणवही. अशा मनुष्यास वयाच्या बत्तिसाव्या वर्षी विषय बदलणारा मुलगा चिंध्या गोळा करणारा वाटला, यात नवल ते काय?

त्याच सुमारास या मासिकाच्या संपादकांनी शंकर आबाजी भिसे यांच्यावर चार पाने लिहाल काय, अशी विचारणा केली होती. आणि सौभाग्यवतींचा पुष्कळ वर्षांचा आग्रह म्हणून मार्गशीर्षात हेमलकशास जाण्याचे आमचे आधीच ठरले होते. तेव्हा भिश्यांविषयीचे कागद, मुलाचे पत्र आणि एक जाड घोंगडी एवढा ऐवज घेऊन आम्ही पुण्यास रात्रीच्या गाडीत बसलो. गाडीत मला झोप येत नाही. वरच्या फळीवर दिव्याखाली पडून मी भिसे वाचावयास घेतले.

आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांस हे नाव अपरिचित असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. यंत्रविद्येचे पद्धतशीर शिक्षण त्यांस मिळाले नाही. परदेशी शास्त्रीय मासिके वाचावी आणि घरी खटपट करावी, हीच त्यांची शाळा. पोटासाठी ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकुनी करीत, आणि उरलेल्या वेळात शोध लावीत. एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूत रूपांतर होते आहे असा भास उत्पन्न करणारे दृष्टिभ्रमाचे प्रयोग त्यांनी रचले. उपनगरी गाडीतील उतारूस पुढचे स्टेशन कोणते ते कळावे म्हणून एक दर्शक यंत्र केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका शोधविषयक मासिकाने वाणसामान आपोआप तोलणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा लाविली. तिच्यात मुंबईच्या या कारकुनाचा आराखडा पहिला आला. मग दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नवरोजींकडे शब्द टाकला, आणि भिसे लंडनला गेले.

तेथे त्यांनी काय काय केले याची यादी वाचताना मला आमच्या आईची आठवण झाली. विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी, स्वयंपाकघरातील उपकरणे, आपोआप पाणी सोडणारा शौचकूप, डोकेदुखीवरचे एक साधन! चिंध्याच त्या. परंतु या सगळ्यांच्या मागे एक अखंड वस्त्रही होते, आणि ते म्हणजे खिळे ओतण्याचे यंत्र.

खिळे म्हणजे छापखान्यातले. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतून एकेक अक्षर घडवितात. अँटिमनी घालण्याचे कारण असे की, त्यामुळे रस थिजताना फारसा आकसत नाही आणि अक्षराची धार शाबूत राहते. येथे माझ्यासारख्या उष्णतेच्या मास्तराला रस वाटावा असा प्रश्न उभा राहतो. यंत्राचा वेग वाढविला की साचा तापत जातो. साचा तापला की रस वेळेवर थिजत नाही. आणि न थिजलेले अक्षर बाहेर काढले तर ते अक्षर राहत नाही. म्हणजे वेगाला मर्यादा चाकांची नाही, उष्णता बाहेर पडण्याची आहे. भिश्यांनी या गाठीवरच हात घातला. त्यांचे ‘भिसोटाइप’ मिनिटास १२०० खिळे ओतील अशी त्याची ख्याती झाली. त्या काळच्या प्रचलित यंत्रांच्या मानाने हा वेग कित्येक पट होता. लंडनच्या छपाई व्यवसायातील जाणत्यांनी आधी अविश्वास दाखविला आणि मग यंत्र पाहिले.

असे असूनही भिसे धनवान झाले नाहीत. भांडवल गोळा करून देण्याचे काम हाइंडमन नावाच्या पुढाऱ्याने पत्करले. हे गृहस्थ इंग्लंडातील समाजसत्तावादाचे अध्वर्यू. भांडवलशाहीच्या निर्मूलनाचे व्रत घेतलेल्या मनुष्याने एका हिंदी संशोधकासाठी भांडवल शोधीत फिरावे, हा विनोद इतिहासालाच सुचू शकतो. भांडवल काही जमले नाही. १९०८ साली भिसे निराश होऊन मायदेशी निघाले, तेव्हा बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखल्यांशी गाठ पडली. गोखल्यांनी रतन टाटांपाशी शिफारस केली आणि टाटांच्या पैशावर भिसे पुन्हा लंडनला गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोही आधार सुटला. मग अमेरिका, न्यूयॉर्क, नव्या कंपन्या. आणि शेवटी ज्याने त्यांस खरी मिळकत दिली ते काय, तर आयोडिनापासून केलेले ‘ॲटोमिडीन’ नावाचे औषध! दृष्टिभ्रमापासून तराजू, तराजूपासून खिळे, खिळ्यांपासून औषध. १९३० साली ते एडिसनला भेटले, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच वारले.

मनमाड मागे पडले तेव्हा मी कागद मिटले. मनात आले, या मनुष्याने देश का बदलले? विद्येसाठी म्हणावे तर विद्या त्याने मुंबईतच, कचेरीतून परतल्यावर मिळविली होती. तो गेला भांडवलामागे आणि कारखान्यामागे. जेथे पेटंटाची किंमत कळणारा सावकार आणि अचूक चाक कापून देणारा कारागीर एका गल्लीत भेटतात, तेथे संशोधकाला जावेच लागते. आणि विषय का बदलले? मला वाटते, मोठे यंत्र पोसण्यासाठी. खिळ्यांचे यंत्र वर्षानुवर्षे पैसा खाई. तो पैसा कोठून तरी, पाटीतून, बाटलीतून, औषधातून, उभा करावयाचा. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी एक छापखाना होता. तेथला म्हातारा जुळारी खिळे हातानेच जुळवीत असे. भिश्यांचे नाव त्याने ऐकलेले नव्हते. एका मराठी माणसाने खिळ्यांपायी तीन शहरे पालथी घातली, आणि मराठी खिळे जुळविणाऱ्याच्या बोटांपर्यंत त्यांतले काही पोहोचले नाही.

पहाटे वर्धा आले. आम्ही चहा घेतला. वर्ध्याचे नाव निघाले की बहुतेकांस सेवाग्राम आठवते. मला त्या पहाटे पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवले, कारण भिश्यांच्या कागदांतच त्यांच्याविषयीचे एक टाचण माझ्या हाती लागले होते. खानखोजे येथलेच. इंग्रजांशी लढण्याची विद्या शिकावयाची म्हणून विशीतच घर सोडून ते जपानमार्गे अमेरिकेस गेले. तेथे एकीकडे लष्करी विद्यालयात नाव घातले आणि दुसरीकडे शेतकी शिकले. १९१३ साली गदर पक्ष स्थापन झाला, त्याच्या पहिल्या मंडळींत ते होते. महायुद्धात इराणात जाऊन ब्रिटिश फौजांशी झुंजले. मग बर्लिन, मग मॉस्को. आणि सगळ्या वाटा बंद झाल्या तेव्हा १९२४ साली मेक्सिकोत उतरले. तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात हा क्रांतिकारक प्राध्यापक झाला. तेओसिंते नावाचे एक रानगवत मेक्सिकोत उगवते. ते मक्याचे पूर्वज. त्याचा आणि मक्याचा संकर करून नवे वाण काढण्यात खानखोज्यांनी वर्षे घालविली, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या भिंतीवर भाकरी वाटून घेणाऱ्या माणसांचे जे चित्र काढले, त्यात वर्ध्याच्या या गृहस्थाचा चेहरा आहे.

खानखोज्यांनी देश बदलला तो सरकार पाठीशी लागले म्हणून. परंतु मला नवल वाटते ते त्यांच्या शेतकीचे. बंडासाठी निघालेल्या मनुष्याने फावल्या वेळात शिकलेली विद्या शेवटी त्याच्या उपयोगी पडली. ज्या विद्येसाठी घर सोडले ती बाजूस राहिली. १९५५ साली ते कायमचे परत आले आणि १९६७ साली नागपुरास वारले. त्यांचा मका मेक्सिकोच्या शेतकऱ्याने पेरला. वर्ध्याच्या शेतात मात्र त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे कधी आलीच नाहीत. “मग काय वाईट झाले? मेक्सिकोतल्यांना भूक नसते का?” असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि कपबश्या खिडकीतून परत देऊन त्यांनी घोंगडीची घडी घातली. मी गप्प बसलो. हे उत्तर मजसाठी आहे की मुलासाठी, ते मला कळले होते.

नागपुराहून आम्ही मोटारीने निघालो. ब्रह्मपुरी मागे टाकून वैनगंगा ओलांडली की आरमोरी, आणि तेथून गडचिरोली. रात्रीचा मुक्काम गडचिरोलीस माझ्या एका जुन्या वर्गमित्राकडे होता. हा माझ्याबरोबर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षास होता. पुढे वैद्यकीला गेला आणि त्या भागातच राहिला. जेवणानंतर मी त्याच्यापाशी मुलाचे गाऱ्हाणे मांडले. त्याने काही उपदेश केला नाही. उठून कपाटातून एक वस्तू आणली आणि माझ्या हातावर ठेवली. लहान मुलांच्या पाटीला मणी ओवलेल्या तारा असतात, त्या जातीची ती वस्तू होती. मण्यांच्या दोन ओळी, आणि बाजूस वाळूचे एक घटिकायंत्र. मला वाटले, नातवाचे खेळणे असावे.

ते श्वास मोजण्याचे यंत्र होते. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली, तिच्यातून ते निघाले. त्या काळी या भागातील तान्ही मुले मोठ्या संख्येने न्युमोनियाने दगावत. न्युमोनिया ओळखावयाचा तर छातीचे क्ष-किरण चित्र हवे, निदान स्टेथोस्कोप हवा, आणि तो कानाला लावणारा डॉक्टर हवा. यांपैकी काहीच खेड्यात नव्हते. परंतु फ्रँक शान नावाच्या एका ऑस्ट्रेलियन डॉक्टराने पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात असे पाहिले होते की, खोकणाऱ्या मुलाचे श्वास मिनिटास ५०च्या वर गेले तर बहुधा न्युमोनिया असतो, आणि हे ओळखण्यास मोजता येण्यापलीकडे काही लागत नाही. पुढे अगदी तान्ह्या बाळासाठी हा आकडा ६० धरण्यात आला. पापुआच्या डोंगरातले हे ज्ञान जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतून जगभर गेले. बंग पतिपत्नी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र शिकून आली होती. त्यांनी ते उचलले आणि गडचिरोलीच्या खेड्यांत आणले. आणि येथे ते अडले. कारण बाळाशेजारी बसणारी जी सुईण, तिला दहाबारापुढे मोजण्याची सवय नव्हती, आणि मिनिट म्हणजे काय हे सांगणारे घड्याळही तिच्यापाशी नव्हते.

तेव्हा हे मणी आले. वाळूचे यंत्र उलटे करावयाचे, म्हणजे मिनिट सुरू झाले. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवावयाचा आणि पुन्हा एकपासून आरंभ करावयाचा. वाळू संपण्याच्या आत तांबड्या मण्याची पाळी आली तर न्युमोनिया समजून औषध द्यावयाचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वरची ओळ, मोठ्या मुलासाठी खालची. मी ती वस्तू बराच वेळ हातात फिरवीत बसलो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तिच्यात काहीच नाही. काळाचे माप आणि गणनेचे माप एकत्र बांधले आहे, इतकेच. आणि तरीही तीस वर्षे काळाची मापे शिकविणाऱ्या मला ती सुचली नसती, कारण जिला दहापुढे मोजावे लागत नाही अशी बाई माझ्या वर्गात कधी बसली नव्हती.

मित्र म्हणाला, “अरे, याच्या मागची गोष्ट आणखी जुनी आहे.” अभय बंगांचे वडील ठाकुरदास बंग हे वर्ध्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तरुणपणी ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघाले होते आणि निघण्यापूर्वी आशीर्वादासाठी सेवाग्रामला महात्माजींच्या भेटीस गेले. अर्थशास्त्र शिकावयाचे असेल तर अमेरिकेऐवजी खेड्यात जा, अशा अर्थाचे शब्द महात्माजी बोलले. ठाकुरदासजींनी जाण्याचा बेत सोडला आणि खेड्यात काम आरंभिले. बाप गेला नाही. मुलगा गेला आणि परत आला. आणि घरातच नवजात बालकाची शुश्रूषा करण्याची जी पद्धत या मुलाने व सुनेने गडचिरोलीच्या ३९ गावांत उभी केली, तिने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्राने तो निबंध छापला आणि ती पद्धत गडचिरोलीतून बाहेर पडून परदेशांत जाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चामोर्शी, आष्टी करीत आलापल्लीस आलो. तेथून भामरागडकडे जाणारा रस्ता साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून जातो. साग, ऐन, बांबू. मध्ये मध्ये पोलिसांची ठाणी. क्वचित एखादे पाडे, आणि रस्त्याच्या कडेने डोईवर मोळी घेतलेल्या बायका. पुढे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पाणी चढले की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. त्याच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरांवर हेमलकसा.

बाबा आमट्यांनी १९७३च्या डिसेंबरात येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉक्टर प्रकाश त्या वेळी नागपुरास शल्यविद्येचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ते अर्धे टाकून ते येथे आले, आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मंदाकिनी याही आल्या. आरंभी वीज नाही, रस्ता नाही, आणि माडिया बोली येत नाही. रोगी खाटेवर बांधून जंगलातून चालत आणावयाचा. या इतिहासावर पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. मजबरोबर फिरणारे एक वृद्ध कार्यकर्ते होते, त्यांचे एक वाक्य तेवढे सांगतो. मी विचारले की, येथे पूर्वी हाडे कोण जोडीत असे, बाळंतपणे कोण करी, डोळे कोण पाही, आणि अस्वलाने फाडलेला चेहरा कोण शिवी? ते म्हणाले, “सर, दवाखाना एक होता, म्हणून डॉक्टरही एकच होता.” जेथे तालुक्यात एकच दिवा असतो तेथे तो कोणत्या खोलीत लावावा हा वाद उद्भवत नाही. शहरात आम्ही विद्येच्या खोल्या पाडल्या त्या पुष्कळ दिवे असल्यामुळे. आणि मग एका खोलीतून दुसरीत जाणाऱ्याला, बाबा रे, तुझी खोली कोणती, असे विचारू लागलो.

दवाखान्याच्या अंगणात ऊन छान पडले होते. तेथे एक माडिया आजी मांडीवर नातवाला निजवून बसली होती. मूल बरे झाले होते. दुपारी ती मंडळी गावी परतणार होती. कालच्या मण्यांच्या यंत्राचे माझ्या डोक्यातून जाईना. मी त्या मुलापासून चार हातांवर बसलो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत त्याचे श्वास मोजू लागलो. वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. घड्याळाकडे पाहिले की पोट वर गेले की खाली आले ते निसटते; पोटाकडे पाहिले की काटा कोठे आहे ते कळत नाही. शिवाय मूल मध्येच हुंकारते, मध्येच एक लांब श्वास घेते. पहिल्या खेपेस माझे एकतीस झाले, दुसऱ्या खेपेस त्रेचाळीस. तिसऱ्या खेपेस चोविसाच्या पुढे पंचवीस आले की सव्वीस, याचाच घोळ पडला. इतक्यात आजी काहीतरी बोलली आणि कार्यकर्ते हसले. “काय म्हणते?” मी विचारले. “म्हणते, या बाबाचे काही हरवले आहे काय?”

त्या रात्री थंडी फार होती. अतिथिगृहात घोंगडी पांघरून मी मुलाचे पत्र पुन्हा काढले. सांगावयास लाज वाटते, परंतु सांगितले पाहिजे: त्या पत्राचे पहिले दोन परिच्छेद वाचून मी जो दूरध्वनी उचलला, तो उरलेली तीन पाने न वाचताच. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका मी अशी कधी तपासली नाही. तिसऱ्या परिच्छेदात त्याने लिहिले होते की, कारखान्यात त्याचे काम इंधनाच्या बारीक नळ्यांचे होते; नळी कोठे अरुंद झाली, प्रवाह कोठे मंदावला, हे पाहण्याचे. तेथे त्याचा शेजारी जीवशास्त्राचा अभ्यासक. तो केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत रक्तपेशी कशा सरकतात ते पाहत असे, आणि दोघांची गणिते एके संध्याकाळी एकाच कागदावर आली. पुढे असे होते: ‘बाबा, हा तुमचाच प्वाझयचा नियम आहे. अकरावीत तुम्ही मला स्वयंपाकघरात तेलाच्या नळीने शिकवला होता.’

प्वाझयचा नियम मी तीस वर्षे शिकविला. या नावाचा उच्चार आमच्या महाविद्यालयात दर पिढीस निराळा होतो, पण नियम तोच. नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, चौथाई होत नाही. सोळावा हिस्सा उरतो. फळ्यावर मी हे लिहितो, मुले वहीत उतरवितात, परीक्षेत पाच गुणांस येते. परंतु हा प्वाझय कोण होता हे मी वर्गात कधी सांगितले नाही. तो डॉक्टर होता. पॅरिसचा हा मनुष्य आधी गणित-पदार्थविज्ञानाच्या शाळेत शिकला, मग वैद्यकीला गेला. शरीरातल्या सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त कसे जाते हे त्याला हवे होते, म्हणून १८४०च्या सुमारास त्याने काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमापे केली. रक्तासाठी निघालेला नियम आम्ही पाण्यातेलाचा म्हणून शिकवितो. म्हणजे माझा मुलगा विषय सोडून कोठे चालला होता, तर माझ्या टिपणवहीतल्या एका पानाच्या मूळ गावी.

एकदा हे दार उघडले की पुढचे आठवू लागते. उष्णता आणि कार्य ही एकाच शक्तीची दोन रूपे आहेत, हे माझ्या पहिल्या व्याख्यानाचे पहिले वाक्य. ते ज्यांनी प्रथम मांडले त्यांत रॉबर्ट मायर हा एक जर्मन डॉक्टर होता. १८४० साली तो डच जहाजावर वैद्य म्हणून जाव्यास गेला. तेथे खलाशांची शीर तोडताना नीलेतले रक्त त्याला अपेक्षेहून लाल दिसले. उष्ण हवेत शरीराला ऊब राखण्यासाठी प्राणवायू कमी जाळावा लागतो, म्हणून रक्त लाल राहते, असा तर्क त्याने केला, आणि त्या तर्कावरून तो शक्तीच्या अविनाशित्वापर्यंत पोहोचला. जर्मनीत राहून तो खलाशी त्याला दिसला नसता, आणि तो वैद्य नसता तर जाव्यास जाऊनही दिसला नसता. आयुष्यात त्याला मान उशिरा मिळाला; पदार्थविज्ञानाचे पंडित त्याला बरेच दिवस बाहेरचा समजत. माझ्यासारखेच असावेत ते.

एवढे सगळे खरे मानले तरी माझी भीती अगदी खोटी होती असे मी म्हणणार नाही. भिसे परक्या शहरात वारले. त्यांच्या डोक्यातील किती यंत्रे त्यांच्याबरोबर गेली याची गणती नाही. खानखोज्यांची उमेद दुसऱ्या देशाच्या मातीत गेली. देश आणि विषय दोन्ही सोडणारा मनुष्य दोन्हीकडे नवखा ठरतो, आणि नवख्याला भाडे भरावेच लागते. चार वर्षांनंतर माझ्या मुलाला कोण उभे करील, हे मला त्या रात्रीही ठाऊक नव्हते, आजही नाही. मात्र तो कशाच्या मागे चालला आहे, भांडवलाच्या, की संकटातून सुटण्याच्या, की एखाद्या न सुटलेल्या प्रश्नाच्या, हे विचारण्याचे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते.

दूरध्वनीवर आम्ही दोघेही भांडतो. म्हणून मी हाताने पत्र लिहिले. अंगणात बसून मुलाचे श्वास मोजण्याची माझी फजिती सविस्तर लिहिली, कारण ती वाचून तो हसेल हे मला ठाऊक आहे. मण्यांच्या यंत्राचे चित्र काढले. ते चांगले जमले नाही. आजीचा प्रश्नही लिहिला. मग पुष्कळ वेळ काय लिहावे ते सुचेना. सौभाग्यवती म्हणाल्या, “आता झोपा, उद्या लवकर निघायचे आहे.” शेवटी लिहिले की, रक्तप्रवाहावर माझ्यासारख्याला समजेल असे पहिले पुस्तक कोणते ते कळव, म्हणजे मी मागवून घेतो, आणि तुझ्या तिसऱ्या पानावर जे समीकरण आहे त्यात मला एक चिन्ह चुकलेले वाटते, ते पुन्हा पाहा.

परतताना आलापल्लीस चहासाठी गाडी थांबली, तेव्हा ते मी तेथल्या टपालपेटीत टाकले.